तुम्ही विचारलंत म्हणून: पाव मैल किती सेकंदांत?

दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते. मी माझी 1968 ची शेव्हरोले शेव्हेल तिथे नेतो, बॉनेट उघडून ठेवतो आणि शेजारी खुर्ची टाकून बसतो. दिवसभरात निदान वीस जण तरी थांबून विचारतात, "पाव मैल किती सेकंदांत मारते?" मंडळाच्या गणपतीत पार्किंगमध्ये पोरं हेच विचारतात, आणि पुण्याहून भाचासुद्धा. तुम्ही मात्र जरा वेगळं विचारलंत, आणि ते मला फार आवडलं: गाडी ट्रॅकवर न नेता, घरबसल्या हा आकडा सांगता येतो का?

सांगता येतो. फक्त एका आकड्याने भागत नाही, दोन लागतात.

ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे थांबलेल्या गाड्या सरळ रेषेत सुटतात त्या शर्यतीच्या ट्रॅकवर, पाव मैल म्हणजे 1,320 फूट, आपले 402 मीटर. धाव संपली की छोट्या खोक्याच्या खिडकीतून हातात एक स्लिप येते. तिच्यावर पहिल्या 60 फुटांना लागलेला वेळ असतो, मधल्या टप्प्यांचे वेळ असतात, मग एकूण वेळ आणि शेवटच्या 66 फुटांत मोजलेला वेग. लोक एकूण वेळ बघतात आणि स्लिप घडी करून खिशात टाकतात. मी आधी वेग बघतो. इंजिनाने किती जोर लावला ते वेग सांगतो. तो जोर रस्त्यावर कितपत उतरला, ते वेळ सांगते.

वेगाचा अंदाज काढणं सोपं आहे. चाकांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच शक्ती मिळते असं धरा. शाळेतलं भौतिकशास्त्र लावलं की शेवटच्या वेगाचा घन हा शक्ती भागिले वजन यांच्या प्रमाणात येतो. म्हणून या धंद्यातल्या सगळ्या ठोकताळ्यांत घनमूळ असतं. हॉर्सपॉवरला पौंडातल्या वजनाने भागा, घनमूळ काढा आणि एका ठरावीक आकड्याने गुणा, की ताशी मैल मिळतात. निव्वळ कागदावर हा आकडा 281 येतो. पण खरी गाडी गिअर बदलते, हवा कापते, सुरुवातीला चाकं घसरतात. त्यामुळे प्रत्यक्षात 225 ते 234 धरतात. रॉजर हंटिंग्टन नावाच्या मोटारलेखकाने असंख्य गाड्यांच्या चाचण्यांवरून 225 च्या आसपासचा आकडा बसवला होता. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात त्याने हे केलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. वेळेसाठी हेच उलटं करायचं: वजन भागिले हॉर्सपॉवर, त्याचं घनमूळ, गुणिले 5.825.

आता माझी गाडी. मुळात तिच्यात 307 क्यूबिक इंचांचं, 200 हॉर्सपॉवरचं व्ही-8 होतं. मी 350 चा ब्लॉक घेतला, सिलिंडर तीस थाउ (इंचाचे तीस हजारांश) वाढवले आणि 400 च्या इंजिनाचा 3.75 इंच स्ट्रोकचा क्रँक बसवला, की झालं 383. अॅल्युमिनियमची हेड्स, मोठा कॅम, 750 चा कार्बोरेटर, मागे 3.73 चा डिफरन्शियल (चाक एकदा फिरायला शाफ्ट 3.73 वेळा फिरतो), आणि तीन गिअरचा जुना ऑटोमॅटिक. इंजिन बांधणाऱ्याने डायनोचा (शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दिला, त्यावर 430 हॉर्सपॉवर. भंगारवाल्याच्या काट्यावर गाडी 3,470 पौंड भरली. मी 180 धरून 3,650, म्हणजे साधारण 1,655 किलो. गणित केलं तर आले 11.9 सेकंद आणि ताशी 115 मैल. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

पण हा अंदाज फसवा होता, आणि चूक त्या 430 मध्ये होती. तो आकडा खोटा नव्हता, पण तो माझ्या गाडीचा नव्हता. इंजिन स्टँडवर होतं, एअर क्लीनर नाही, सायलेन्सर नाही, पंखा नाही, पाण्याचा पंप बाहेरच्या विजेवर. जुन्या गाड्यांच्या कागदांत हा घोळ आधीपासूनच आहे. 1971 पर्यंत अमेरिकन कंपन्या असाच उघड्या इंजिनाचा ग्रॉस आकडा छापत. त्या वर्षीच्या कॉर्वेटमधलं एलटी-1 इंजिन ग्रॉस मोजलं तर 330 आणि नेट, म्हणजे गाडीत असतं तसं सगळं जोडून मोजलं तर 275 होतं, इंजिन तेच. 1972 पासून सगळीकडे नेट आकडे आले आणि लोकांना वाटलं, गाड्या एका रात्रीत मरतुकड्या झाल्या. ब्रोशरमधला आकडा घेऊन अंदाज काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी तो ग्रॉस की नेट हे बघा.

मग मी गाडी चॅसिस डायनोवर नेली. मागची चाकं रोलरवर, पट्ट्यांनी गाडी बांधलेली. चाकांवर 330 भरले. मधले शंभर गेले कुठे? एअर क्लीनर, सायलेन्सर, पंखा, गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर, डिफरन्शियल, प्रत्येकाने आपापला वाटा घेतला. आता 330 भागिले 3,650, घनमूळ, गुणिले 234. ताशी 105 मैल. वेळ 12.98. मी दोन्ही एका कार्डावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवले.

जुलैत मिशिगनमधल्या मायलनच्या ट्रॅकवर गेलो. सोबत हेल्मेट, कारण 13.99 किंवा त्याहून जलद जाणाऱ्या गाडीला ते सक्तीचं आहे, आणि माझा अंदाज त्याच्या आत होता. खरं तर अंदाज आधी काढण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, गाडी कोणत्या सुरक्षा नियमात बसते ते घरीच कळतं. दुपार दमट, तापमान 33. दिवे हिरवे झाले, मी पाय दाबला आणि मागची चाकं जागच्या जागी भिरभिरली. खिडकीतून जळक्या रबराचा वास, गाडीचं बूड डावीकडे सरकलेलं, आणि शेजारच्या लेनमधला बराच पुढे. स्लिप आली: 60 फूट 2.21, एकूण 14.05, वेग 101.5.

एका सेकंदाहून जास्त फरक, म्हणजे अंदाज चुकला असंच कोणीही म्हणेल. पण स्लिप नीट वाचा. वेग अंदाजापेक्षा साडेतीन मैलांनीच कमी आहे, आणि तो हवेचा हिशोब आहे. गरम, दमट हवा विरळ असते. इंजिनाला त्या दुपारची हवा तीनेक हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी होती, आणि कार्बोरेटरचं इंजिन दर हजार फुटाला साधारण तीन टक्के शक्ती गमावतं. नऊ टक्के शक्ती गेली तर घनमुळाच्या हिशोबाने वेग तीन टक्क्यांनी उतरतो. आला की नाही आकडा? इंजिन खणखणीत होतं. गेलं ते पहिल्या 60 फुटांत, टायरमध्ये.

मी चिकट ड्रॅग रेडियल टायर घेतले, आणि घाईने दाबायचा पाय जरा सावकाश दाबायला शिकलो. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा कठीण गेलं. ऑक्टोबरात, 10 अंश तापमानात परत गेलो. 60 फूट 1.85, एकूण 13.16, वेग 104.4. सुरुवातीला एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी दीड दशांश वाचतो, असं ट्रॅकवरचे जुने लोक सांगतात. माझे पहिल्या 60 फुटांत 0.36 वाचले, त्याचे दीडपट 0.54. उरलेले 0.35 हवेचे. बेरीज 0.89, आणि 14.05 मधून 13.16 गेले की 0.89 च उरतात. त्या खिडकीजवळ उभं राहून मी ही बेरीज तीनदा केली.

म्हणून तुमच्या गाडीसाठी सांगतो. आधी वजन करा, स्वतः आत बसून, पेट्रोलसकट. वजनाचा आकडा पुस्तकातून उचलू नका. चाकांवरची हॉर्सपॉवर मोजून घ्या. तेवढे पैसे खर्चा, पुढच्या दहा चुका वाचतील. त्यावरून वेग काढा, त्यावर विश्वास ठेवा. वेळ काढा, पण साधे टायर असतील तर तीत अर्धा सेकंद मिळवा. माझ्यासारख्या वजनाच्या गाडीला शंभर पौंड कमी केले किंवा दहा हॉर्सपॉवर वाढवली, दोन्हींनी साधारण एक दशांशच सेकंद वाचतो. स्पेअर व्हील डिकीतून काढायला पैसे पडत नाहीत, हे लक्षात असू द्या. आणि पाव मैलाला दहा टक्के जास्त शक्ती म्हणजे फक्त तीन टक्के जास्त वेग, त्यामुळे कोणी नवा कार्बोरेटर बसवून "एक सेकंद कमी झाला" म्हणाला तर आधी त्याचे टायर आणि त्या दिवशीचं हवामान विचारा.

माझ्या गाडीत एक गोष्ट राहिली आहे. माझ्या इंजिनाची शक्ती 5,600 आरपीएमला सगळ्यात जास्त असते, पण 28 इंची टायर आणि 3.73 च्या डिफरन्शियलमुळे मी शेवटची रेषा ओलांडतो तेव्हा इंजिन जेमतेम 5,000 वर असतं. या हिवाळ्यात 4.10 चे गिअर घालतोय. मग रेषेवर 5,500 च्या जवळ असेन, आणि सुटतानाही गाडी जास्त जोराने ढकलेल. शक्ती आणि वजन तेच, त्यामुळे वेग फारसा हलणार नाही. ग्लव्ह बॉक्समधल्या कार्डाच्या मागच्या बाजूला मी लिहून ठेवलंय: 60 फूट 1.76, वेळ 12.98, वेग 105. मे महिन्यात थंडीची एखादी सकाळ मिळाली की स्लिप त्याच्या शेजारी लावीन आणि तुम्हाला दोन्हींचा फोटो पाठवीन.