पैसे कुठून येत होते

पतसंस्थेत आयुष्यभर कॅशियरची खुर्ची सांभाळली, त्यामुळे माझी नजर आधी पैशाकडे जाते. भाचा नशा करतो हे कळलं तेव्हा घरात सगळे विचारत होते, ‘कुणाच्या नादी लागला?’ मी विचारलं, ‘पैसे कुठून आणत होता?’ (हे सगळं त्याला वाचून दाखवलंय. नाव तेवढं टाकू नकोस आत्या, म्हणाला.)

आम्ही नाशिकचे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, तेव्हा आमच्याकडेही सगळे टीव्हीसमोर चुकचुकत बसलेले. एमडी म्हणजे मेफेड्रोन, एक अमली पदार्थ. भाचा तोच घेत होता, पण आम्हाला पत्ता नव्हता. पोरगा रात्ररात्र जागा असायचा, ताटावरून उठायचा, दात करकर चावायचा, नाहीतर दिवसभर उठायचाच नाही. दादा म्हणायचा परीक्षेचं टेन्शन, वहिनी म्हणायची मुलगी असेल कुणीतरी.

सगळ्यांना दादाच्या हॉलमध्ये बसवलं आणि वही काढली. आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, पेन्शनमधून क्लासची फी दिलेली, ‘बाबांना सांगू नकोस’ या अटीवर. वहिनीनं भिशीतले पैसे दिलेले मोबाइलच्या स्क्रीनसाठी, ‘आजीला सांगू नकोस’. मामा अधूनमधून जीपे करायचा, कारण भाचा गोड बोलायचा. दादाचा पॉकेटमनी वेगळाच. शिवाय देवघराच्या डब्यातली एक अंगठी, जी कामवालीनं नेली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. बिचारीचं कामही गेलं होतं. बेरीज दादाच्या घराच्या हप्त्याहून जास्त निघाली. कुणीच फार दिले नव्हते, पण प्रत्येकानं दुसऱ्यापासून लपवून दिले होते. नशा जगत होती ती या लपवालपवीवर.

त्या रात्री ठरलं: रोख कुणीच द्यायची नाही. जेवण, औषध, बसचा पास मिळेल. कॉलेजची फी दादा स्वतः भरणार. चप्पल हवी तर सोबत जाऊन घ्यायची. आई रडली, ‘लेकराला भिकारी करता का?’ तिला पटायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण पेन्शनचं पासबुक तिनं आपणहून माझ्याकडे दिलं.

मग दारात दोन पोरं आली, उधारी मागायला. दादाचा हात खिशाकडे गेलाच होता. वहिनीनं दारातूनच सांगितलं, ‘त्याची उधारी आम्ही फेडणार नाही, आणि धमकी दिलीत तर पोलिसात जाऊ.’ मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पोरगा उपचाराला तयार नव्हता. समुपदेशक बाई म्हणाल्या, ‘तो नाही आला तर नाही, तुम्ही आलात ना? बसा.’ आधी हे विचित्र वाटलं. पण १९८६ पासून चालणारं पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही घरच्यांना सोबत घेऊनच काम करतं. तिथं रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो तो उगाच नाही. बाईंनी दादाला एकच काम दिलं: तो नशेत असताना एक अक्षर बोलायचं नाही, काय बोलायचं ते सकाळी, खाऊन झाल्यावर. दादाचा आवाज गल्लीत ऐकू जातो, त्याच्यासाठी ही शिक्षाच होती. वहिनीला सांगितलं, कॉलेजात ‘ताप आलाय’ असा फोन करणं बंद.

नातेवाइकांचे सल्ले मात्र भारी होते. ‘खोलीत कोंडा, आठ दिवसांत उतरेल.’ हे कुणी करू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. एमडी सुटल्यावर मन इतकं खाली जातं की मरणाचे विचार येतात. डॉक्टर हवाच. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. आकडा एकच वेगळा आहे, दोन्ही लिहून ठेवा. एका केंद्रात तर ‘फटके देऊन सरळ करतो’ असं अभिमानानं सांगण्यात आलं. आम्ही चहा न पिताच उठलो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात आणि साखळीनं बांधायला त्यात मनाई आहे. केंद्राचं नोंदणीपत्र मागायला लाजू नका.

दादाला पोलिसांची भीती होती. वकील मैत्रिणीनं समजावलं, की अमली पदार्थांच्या कायद्यात ६४अ हे कलम आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याचा आरोप असला, तरी तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते. विकणाऱ्याला यातलं काही नाही.

शेवटी तो उपचाराला गेला, स्वतःहून, चिडचिड करत. परत आला, आणि काही महिन्यांनी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा केली. तेव्हा वही पुन्हा उघडली, आणि या वेळी रक्कम त्यानंच सांगितली.

आता तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिकतोय. पगार वहिनीच्या खात्यात येतो. त्याला स्वतःचं यूपीआय परत द्यायचं का, यावर सध्या आमच्यात जुंपलीय. वहिनी म्हणते द्या, मी म्हणते दिवाळीनंतर बघू. बाई म्हणाल्या, त्यालाच विचारा. विचारलं तर म्हणाला, ‘आधी पाचशेची लिमिट टाक आत्या, आणि मेसेज तुझ्या फोनवर येऊ दे.’