तुम्ही विचारलेत म्हणून: शिकारीच्या क्लबचे पैसे वसूल होतात का?

गणपतीच्या आरतीनंतर, दिवाळीच्या फराळाला, कोल्हापूरहून येणाऱ्या फोनवर आणि कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत गेली चार वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच तयार असते: "टेक्सासमध्ये शिकारीच्या क्लबला वर्षाला 2,400 डॉलर भरतोस, ते वसूल होतात का?" आजवर मी हसून, चिडून किंवा विषय बदलून वेळ मारून नेली. आता वर्गणी 2,800 झाली आहे, 1 ऑगस्टपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे, आणि घरातही तोच प्रश्न जरा शांत आवाजात विचारला जाऊ लागला आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

शिकार करावी की नाही, या वादात येथे शिरत नाही. तो आपण पुष्कळ वेळा घातला आहे आणि कोणीही तसूभर हललेले नाही. प्रश्न पैशाचा आहे, तेव्हा पैशाचेच बोलू.

प्रवेश शुल्क 500 आणि चार हंगामांचे 9,600, मिळून 10,100 डॉलर. रायफल, पेट्रोल आणि ऑस्टिनहून जंक्शन नावाच्या गावाच्या पुढे जाऊन येण्याचे पाच तास यात धरलेले नाहीत. त्या बदल्यात आमच्या फ्रीझरमध्ये तीन हरणे आली. हिल कंट्रीतले, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागातले, पांढऱ्या शेपटीचे हरीण अंगाने लहान असते. मादीचे हाडांवाचून मांस जेमतेम तेरा-चौदा किलो भरते. म्हणजे किलोला 240 डॉलर पडले. हा भागाकार माझ्या पत्नीने वाणसामानाच्या यादीमागे करून फ्रिजच्या दारावर लावला होता. या मांसाचा पांढरा रस्सा काय होतो, असे म्हणत मी तो कागद काढायला गेलो. रस्सा तिला मान्य आहे. कागद अजून तेथेच आहे.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग सरकारी जमिनीवर का जात नाहीस?" गेलो आहे. टेक्सासची नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची आहे. तरीही 48 डॉलरच्या वार्षिक परवान्यावर सार्वजनिक शिकारीसाठी सुमारे 10 लाख एकर जमीन खुली असते. मी पहाटे चार वाजता पोहोचलो तेव्हा फाटकापाशी माझ्या आधी अकरा गाड्या उभ्या होत्या, आणि उजाडल्यावर कोणत्या झुडपामागे कोण बसले आहे हे मला शेवटपर्यंत कळले नाही. आमच्या क्लबात भाड्याने घेतलेल्या 1,800 खासगी एकरांवर बाराच माणसे आहेत. तंबूच्या दाराशी एका फळीवर जमिनीचा नकाशा आहे. मचाणावर जाण्यापूर्वी आपल्या नावाचा बिल्ला त्या मचाणाच्या खिळ्याला अडकवायचा, परत आल्यावर काढायचा. बिल्ला न अडकवता गेलेल्या माणसाचा उरलेला हंगाम रद्द होतो. या फळीची किंमत किती धरायची, ते प्रश्न विचारणाऱ्यांनी मला सांगावे.

जमेची एक बाजू मी स्वतःहून बुडवली आहे, हेही कबूल करतो. आमच्या या भाड्याच्या जमिनीवर चितळ आहेत. 1932 मध्ये ते टेक्सासात आणले गेले; काळवीटही त्याच सुमारास आले, आणि दक्षिणेकडे किंग रँच या अवाढव्य पशुपालन-जमिनीवर नीलगायी आणून सोडल्या गेल्या. परके प्राणी असल्यामुळे त्यांना हंगामाचे बंधन नाही. खासगी जमिनीवर त्यांची शिकार बारा महिने चालते, आणि चितळाचे मांस येथल्या हरणापेक्षा सरस असते असे सगळेच म्हणतात. "वर्षाला चार चितळ मार, हिशेबाची कटकटच मिटेल," असे मला क्लबमध्ये दर उन्हाळ्यात ऐकवले जाते. माझे बोट चालत नाही. दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव रान होते आणि 1958 मध्ये अभयारण्य झाले. अशा गावच्या मुलाला चितळ म्हणजे सहलीत बोटाने दाखवायचे जनावर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जन्मलेल्या आमच्या पिढीला ते मारण्याची गोष्ट कोणी सांगितलीही नाही. येथे तेच चितळ स्थानिक हरणांचा चारा खाते, हा युक्तिवाद मला पटतो, आणि पटूनही मी नेम धरत नाही. याला तत्त्व म्हणू नका, कारण पांढऱ्या शेपटीच्या हरणावर मी धरतो.

आता जे आजवर कोणालाच नीट सांगितले नाही ते सांगतो.

दुसऱ्या हंगामाचा पहिला दिवस, नोव्हेंबरमधला पहिला शनिवार. पहिला हंगाम रिकामा गेला होता, त्यामुळे तोवर 5,300 डॉलर भरून माझ्या हाती काहीच आले नव्हते, आणि पत्र्याच्या त्या मचाणात बसून मी तोच आकडा मनात घोळवत होतो. सूर्य मावळायच्या बेतात असताना फीडरखालचा, म्हणजे हरणांसाठी दाणा टाकणाऱ्या पिंपाखालचा, मका खाऊन एक मादी कडेला आली. अंतर 110 यार्ड. ती माझ्याकडे तोंड करून तिरकी उभी होती. अशा वेळी जनावर आडवे होईपर्यंत थांबावे, हे परवान्याआधीच्या शिकारी-शिक्षणाच्या वर्गात शिकवतात, आणि परीक्षेत ते उत्तर मी बरोबर लिहिले होते. मी चाप ओढला. तिने उडी मारली नाही. पाठीची कमान केली आणि मान खाली घालून ती सावकाश झाडीत गेली.

गोळी पोटात लागल्याची ती खूण असते. अशा जनावरामागे सहा-आठ तास जाऊ नये, कारण ते जवळच बसते आणि बसल्या जागी मरते. मागे लागलात तर उठून लांब जाते. हेही मला ठाऊक होते. मी वीस मिनिटांत खाली उतरलो. चुनखडीच्या एका पांढऱ्या दगडावर काळपट रक्ताचे तीन थेंब होते आणि त्यात चघळलेल्या पाल्याचा हिरवट चोथा. साठ पावलांवर दबलेले, ओले गवत दिसले. ती तेथे बसली होती आणि माझ्या चाहुलीने उठून गेली होती.

तेथे उभा असताना मनात आले की नेम चुकला असे सांगावे. बार सर्वांनी ऐकला होता, पण हुकलेल्या गोळीचा पुरावा कोणी मागत नाही. तंबूवर येऊन मी बिल्ला काढत होतो, तेवढ्यात आमचे सर्वांत जुने सदस्य, एक निवृत्त वेल्डर, "लागली का?" असे विचारते झाले, आणि मी "पोटात" असे म्हणालो. प्रामाणिकपणाचे श्रेय मला घेता येत नाही. माझ्या बुटाला हिरवा डाग होता आणि ते बुटाकडेच पाहत होते.

त्यांनी मला मध्यरात्रीपर्यंत हलू दिले नाही. मग आम्ही पाच जण आणि त्यांची दोरीला बांधलेली कुत्री, असे निघालो. जेथे थेंब सापडेल तेथे फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा अडकवायचा आणि पुढे जायचे. त्याच रात्री घड्याळे एक तास मागे जाणार होती, त्यामुळे दोन वाजायच्या वेळेला पुन्हा एक वाजला आणि रात्र काही केल्या सरेना. शेवटी काटेरी कुंपणाच्या सर्वांत खालच्या तारेवर पोटाच्या पांढऱ्या केसांचा झुबका सापडला. पलीकडची जमीन शेजाऱ्याची. टेक्सासात जखमी जनावरामागेसुद्धा मालकाच्या परवानगीवाचून पलीकडे पाऊल टाकता येत नाही. सकाळी सहाला फोन केला, तेव्हा त्याने बंदुकीवाचून दोघांना सोडले, कारण वीस वर्षांत या क्लबने त्याचे एकही फाटक उघडे टाकलेले नव्हते. ती दीडशे पावलांवर होती. मागचा अर्धा भाग कायोटींनी, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यांनी, खाल्ला होता आणि उरलेले मांस वाया गेले होते. मी मारलेल्या हरणाला लावायचा परवान्याचा टॅग काढून त्यावरचा महिना आणि तारीख चाकूने कापली, कारण ते हरीण माझ्याच खात्यावर मोजले जायला हवे होते. चौघांची हंगामातली पहिली रविवार-सकाळ माझ्यापायी गेली. मला कोणी रागावले नाही; फक्त फांद्यांवरचे कागद मी एकट्याने गोळा करायचे, असे ठरले.

त्यानंतर वर्षभर मी क्लबची वकिली करत असे. वर्गणी मांसासाठी नसते, रात्री सोबत येणाऱ्या चार माणसांसाठी आणि शेजाऱ्याच्या विश्वासासाठी असते, असे मी संक्रांतीच्या तिळगुळावर तुमच्यापैकी कित्येकांना ऐकवले आहे. सरकारी जमिनीवर एकटा असतो तर मी "चुकली" म्हणून घरी आलो असतो, हे आजही खरे वाटते.

पण तेव्हाच्या माझ्या त्या भाषणात एक गोष्ट मी गाळत होतो. 48 डॉलर भरून बसलो असतो, तर तिरक्या उभ्या मादीवर मी गोळी झाडली असती का? मला वाटते, नसती. मचाणात माझ्या डोक्यात 5,300 चा आकडा होता आणि तोच आकडा वसूल करायला मी घाई केली. ज्या पैशाने रात्री शोधायला माणसे दिली, त्याच पैशाने संध्याकाळी चाप ओढायला लावला. पत्नीला हे सांगितल्यावर ती म्हणाली की दोष पैशाचा नाही, माझा आहे. असेल. तरी पुढच्या तिन्ही हरणांच्या वेळी मी जनावर आडवे होईपर्यंत थांबलो, आणि दोनदा थांबल्यामुळे रिकाम्या हाताने परतलो. ते शिक्षण 240 डॉलर किलोच्या भावात धरायचे की नाही, यावर आमचे एकमत होत नाही.

वर्गणीचा अर्ज टेबलाच्या खणात आहे, कोराच. गेल्या आठवड्यात त्या वेल्डरकाकांचा फोन आला. जुलैच्या शेवटच्या शनिवारी मचाणांची डागडुजी आहे, माझ्या मचाणाच्या शिडीची खालून तिसरी पायरी सुटली आहे, येशील का, एवढेच त्यांनी विचारले. येतो म्हणालो. वर्गणीचे त्यांनी काही विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही.