लढाईवर माणसं गेली तेव्हा शेत कोणी केलं?

आमच्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गावातून किती माणसं गेली आणि त्यांतली किती मेली, एवढंच तिच्यावर कोरलंय. कोकणात अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत. तीस वर्षं शिक्षिका म्हणून काढली, त्यामुळे ती पाटी वाचून मुलं मला विचारतात. आता त्या मुलांची मुलंही विचारतात. अलीकडे प्रश्न असा असतो: "बाई, दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या बायका कारखान्यांत कामाला गेल्या. आपल्याकडच्या बायकाही लढाईमुळे घराबाहेर पडल्या का?"

इंग्लंडमध्ये डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित मुलींना सरकारने कामावर बोलावलं. आपल्याकडे तसा कायदा झाला नाही. १९४२ मध्ये लष्कराच्या मदतीला बायकांचं एक दल निघालं, पण त्यात टायपिंग, टेलिफोन येणाऱ्या शिकलेल्या मुली. बाणकोटच्या खाडीवरच्या आमच्या वाडीतून त्यात कोण जाणार? मुंबईच्या गिरण्या रात्रंदिवस चालू झाल्या खऱ्या, पण रात्रपाळीला बाई घ्यायची नाही हा कायदाच होता. तेव्हा तिथेही पुरुषच गेले. वाडीतले काही पलटणीत, काही परळ-लालबागला. मिसरूड न फुटलेली पोरंसुद्धा गेली.

मी आजीवरूनच सांगते. आजोबा १९४० मध्ये मराठा पलटणीत भरती झाले आणि १९४६ च्या उन्हाळ्यात परत आले. मधली काही वर्षं ते इटलीत होते. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतच ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पुतळ्यासमोरून जाताना आजोबा टोपी काढायचे. आजी मात्र त्या घरातल्या बाईचं काय झालं असेल तेच बोलायची.

कामाचं म्हणाल, तर लढाईने आजीला नवं काम फारसं दिलं नाही. लावणी, बेणणी, कापणी, मळणी, डोंगरातून लाकूडफाटा, वाहाळावरून पाणी हे तिचंच होतं. माणूस मुंबईला आणि शेत बाईच्या अंगावर, हे कोकणाने लढाईच्या कितीतरी आधीपासून बघितलंय. नवं होतं ते पुरुषांनी राखून ठेवलेलं. भाजावळीसाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, झाडावर चढून कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायचा तो पुरुषांनी. त्या वर्षांत आजी आणि तिची जाऊ कासोटा आवळून ऐनावर चढायच्या. बियाणं किती ठेवायचं, बैल विकायचा की राखायचा, हे ठरवायलाही दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आणि खोत. आमची जमीन खोताची, आम्ही कुळं. पीक उभं असताना खोताची माणसं यायची, नजरेने अंदाज बांधायची आणि त्यावर खोताचा हिस्सा ठरायचा. याला अभावणी म्हणत. अंदाज चढा बांधला की कुळाच्या घरात शिमग्यापर्यंतही भात पुरायचं नाही. बाईने तिथे उभं राहायची रीत नव्हती. पहिल्या वर्षी दिराच्या भरवशावर आजी घरात बसली आणि नागवली गेली. दुसऱ्या वर्षी ती बांधावर जाऊन उभी राहिली. ज्या कोपऱ्यात खेकड्यांनी बांध फोडून रोप वाहून गेलं होतं, तो तिने दाखवला. माणसं हसली, पण अंदाज उतरला. पुढची चारही वर्षं ती उभी राहिली. मला विचाराल तर लढाईने बाईला जे दिलं ते हे. घाम तिचा आधीही होता, शब्द मात्र पहिल्यांदा तिचा झाला.

भात पुरणं तेव्हा जिवाशी होतं, हे आजच्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. कोकणाचं स्वतःचं भात वर्षाला कधीच पुरलं नाही, वरची तूट ब्रह्मदेशच्या तांदळाने भरायची. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि तो तांदूळ बंद झाला. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशन सुरू झालं. आमच्या घरी नाचणी आणि वरीवर ओढलं. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, आणि त्याही पलीकडे कडू करांदे, राख घालून पुन्हा पुन्हा उकडलेले. रॉकेल मिळेना तेव्हा उंडीचं तेल काढून दिवा लावला. ते तेल फार धुरकट जळतं. आमच्या माजघराच्या वाशांवरची काजळी त्या वेळची, असं आजी सांगायची.

मनीऑर्डरचं थोडं सविस्तर सांगते. आजोबांच्या पगारातला ठरलेला भाग दर महिन्याला यायचा. आजीला सही येत नव्हती. अंगठा लावायचा तर साक्षीदार लागायचा, आणि साक्षीला येणारा गृहस्थ दर वेळी काही ना काही घेऊन जायचा. कधी नारळ, कधी चार आणे. वर पैसे किती आले ते गावभर व्हायचं. माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे, शाळेत जाणारे. त्यांनी सारवलेल्या जमिनीवर कोळशाने आईचं नाव काढून दिलं आणि एका पावसाळ्यात ती ते गिरवायला शिकली. वाचायला ती पुढेही शिकली नाही, पण साक्षीदार सुटला. मनीऑर्डरची कूपनं तिने एका तारेत ओवून ठेवली होती. ती तार माझ्याकडे आहे.

आमच्या गावात या पैशाचा सगळ्यात मोठा फरक आजीच्या घरात झाला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्याआधी कित्येक वर्षं महारांची भरती बंद करून ठेवली होती, आणि दापोलीकडे तर पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेलेली घरं होती. खालच्या वाडीतले तिघे त्यात गेले. त्यांच्या बायकांच्या हाती महिन्याच्या महिन्याला रोकड येऊ लागली, तेव्हा त्यांनी खोताच्या अंगणात वेठीला जाणं थांबवलं. आजी हे कौतुकाने सांगायची. पुढे वाडीतल्या आमच्या लोकांनीच त्यांना लावणीला बोलावणं बंद केलं, हे सांगताना ती खाली बघायची.

आजोबा परतले त्या वर्षी अभावणीला तेच उभे राहिले आणि आजी घरात. भांडण झालं नाही, कोणी काही बोललंही नाही. १९५० च्या सुमारास खोती गेली. १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली आणि आमच्या तीन तुकड्यांवर नाव लागलं ते आजोबांचं. लढाईची सहा वर्षं ती जमीन कसून कुळाचा हक्क कोणी टिकवला, हे सातबाऱ्यावर लिहायला रकानाच नाही. मला याचा राग येतो, आणि तो वयाबरोबर कमी झालेला नाही.

१९७१ मध्ये माझे वडील सीमेवर होते. आई सातवी शिकलेली, तिचं पोस्टात स्वतःचं बुक होतं, पत्रं ती स्वतः लिहायची. मी अकरा वर्षांची. ९ डिसेंबरला आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. बातमी आली तेव्हा, ज्यांचा मुलगा नौदलात होता त्यांच्या ओटीवर वाडीतल्या बायका रात्रभर बसून राहिल्या. त्यांचा मुलगा दुसऱ्या बोटीवर होता, हे कळायला सहा दिवस गेले. तेवढे दिवस त्या घरची गुरं आणि चूल शेजारणींनी सांभाळली.

आता नांगराचं, कारण मुलं शेवटी तेच विचारतात. बाईने नांगर धरला की पाऊस रुसतो, अशी समजूत होती. म्हणून आजी सावड करायची. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी एक दिवस नांगर धरायचा आणि आजी-जावांनी त्यांच्याकडे तीन दिवस लावणी करायची. मीही बरीच वर्षं मुलांना एवढंच सांगत आले होते. मग एकदा गौरीच्या दिवसांत तांदूळ निवडताना आजीने आपणहून सांगितलं. १९४३ चं साल. काकांना हिवताप भरलेला. जावा बेट जपान्यांनी घेतल्यापासून त्यावरचं औषध, क्विनाईन, मिळत नव्हतं, ते उठेचनात. रोहिण्या संपत आलेल्या आणि तरव्याची, म्हणजे रोपं करायची, जमीन तशीच.

"मंग मीच धरला," ती म्हणाली. "उजाडायच्या आत. तीन दिवस. जाऊ बांधावर राखण बसली व्हती, कोन येतंय का बघत."

मी विचारलं, "आणि पाऊस?"

"आला ना. मिरगाच्या दुसऱ्या दिवशीच आला." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "तवर झोप नव्हती मला."