आधी स्वाहिली, मग प्रश्नावली

दिल्ली विद्यापीठात १९५५ पासून आणि मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिकेचा अभ्यास होतो. पुढे लंडन, लायडनचे रस्तेही आहेत. प्रबंध केनिया किंवा टांझानियावर करायचा असेल, तर निघण्याआधी वर्षभर स्वाहिली शिकाच. दुभाष्यावर भिस्त ठेवून विकासाचा अभ्यास होत नाही.

साधी वेळ घ्या. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या जुन्या घटिकांसारखे, आणि रात्रीचे सूर्यास्तापासून. 'साआ मोजा' म्हणजे पहिला तास, सकाळचे सात. बायका पाण्याला कधी निघतात, याचं उत्तर 'साआ कुमी ना म्बिली', शब्दशः बारा वाजता, असं येतं. अर्थ असतो पहाटे सहा. कुणी नुसतं बारा लिहिलं की नोंद सहा तास सरकते. सगळ्याच नोंदी सरकल्या तर निदान दुरुस्त करता येतात. पण एका सर्वेक्षकाने वेळ बदलून लिहिली आणि दुसऱ्याने ऐकली तशी, तर तो तक्ता टाकूनच द्यावा लागतो. म्हणून वेळेपुढे 'असुबुही' (सकाळ), 'म्चाना' (दिवसा), 'उसिकू' (रात्र) हे लिहून घ्याच.

व्याकरणाला घाबरू नका. 'म्टोटो म्झुरी' म्हणजे चांगलं मूल, 'किताबू किझुरी' म्हणजे चांगलं पुस्तक. आपलं विशेषण शेवटी बदलतं, त्यांचं सुरुवातीला, एवढंच.

तयार आकडेही असेच तपासून घ्यावे लागतात. घानाने नोव्हेंबर २०१० मध्ये जीडीपीचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून मोजणी होते ते) १९९३ वरून २००६ वर आणलं आणि अर्थव्यवस्था कागदावर सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. नायजेरियाने एप्रिल २०१४ मध्ये १९९० ऐवजी २०१० धरलं. वाढ ८९ टक्के. मोबाइल, चित्रपट असे व्यवसाय जुन्या मोजणीत जवळजवळ नव्हतेच. जुनी आणि नवी मालिका तशीच जोडली, तर आलेखात अशी उडी दिसते जी कुणाच्याही ताटात पडलेली नसते. आलेखाखाली आधारवर्ष लिहा.

केनियात संशोधनाला नॅकॉस्टी या सरकारी विज्ञान आयोगाचा परवाना लागतो. त्याआधी तिथल्या संस्थेशी संलग्नता आणि नीतिसमितीची मंजुरी हवी, तेव्हा पत्रव्यवहार काही महिने आधीच सुरू करा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि दाखला पासपोर्टसोबतच ठेवा; केनियाहून परतताना तो नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.