चॅसिसचा गंज आणि नोंदणी कार्यालयातला एक अर्ज : माझा अनुभव

चॅसिसला लागलेला गंज काढणे हे काम ऐकताना वाटते तितके अवघड नाही. अवघड आहे ते, गंजलेल्या भागावरच चॅसिस क्रमांक ठोकलेला असेल तर त्याच्या आसपासचा पत्रा कापण्याची लेखी परवानगी मिळवणे. माझ्या दोन आसनी, कापडी छताच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या दुरुस्तीत कटाई, वेल्डिंग आणि रंग या सगळ्यांनी मिळून घेतला नसेल इतका वेळ नोंदणी कार्यालयातल्या एका अर्जाने घेतला. तो राग अजून पुरता ओसरलेला नाही, त्यामुळे पुढे त्या अर्जाला त्याच्या लायकीपेक्षा जास्त जागा मिळणार आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

गाडी खालून पाहिली तर ठणठणीत दिसत होती, कारण आधीच्या मालकाने तिच्या पोटाला काळ्या डांबरी लेपाचा जाड थर दिला होता. असा थर मला आता शंकास्पदच वाटतो. तो वाळून कडक होतो, त्याला बारीक भेगा पडतात, त्या भेगांतून आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही आणि थराच्या आड पत्रा निवांतपणे कुजत राहतो. 1981 ते 1983 या काळात बनलेल्या डीलोरियन या गाडीची बाह्य अंगे स्टेनलेस स्टीलची आहेत, पण तिची चॅसिस साध्या पोलादाची असून तिच्यावर इपॉक्सीचा लेप आहे, आणि तो लेप जेथे तडकतो तेथे खालून गंज पसरतो. लेप आहे म्हणजे संरक्षण आहे, असे धरून चालू नये. लहान हातोडीने ठोकत पुढे जावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, पोखरलेला बद्द. जेथे आवाज बदलतो तेथे जाड स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे आणि पेटीसारख्या पोकळ भागांत एखाद्या छिद्रातून तपासणी कॅमेरा घालावा.

माझ्या गाडीत गंज दोन ठिकाणी निघाला. पहिले ठिकाण दरवाजाखालच्या पेट्या. कापडी छतावरचे पाणी मागच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जाते, त्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी पेटीत उतरते आणि तेथेच साचते. दुसरे ठिकाण समोरची उजवी रेल, म्हणजे इंजिनच्या बाजूने पुढे जाणारी, सस्पेन्शनचा भार घेणारी पत्र्याची पोकळ तुळई. धडकेचा आघात शोषता यावा म्हणून तिच्यात आतून पत्र्याचे आणखी थर स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. त्या थरांमधल्या केसाएवढ्या फटीत पाणी ओढले जाते आणि सहजी सुकत नाही. त्यात रस्त्यावरचे मीठ असेल तर गंजाचा वेग आणखी वाढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्यामुळे तो थरांना एकमेकांपासून फाकवतो. बाहेरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत आतला थर बहुधा गेलेला असतो.

दरवाजाखालच्या पेट्यांचे काम विनातक्रार पार पडले, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

रेलची पाळी आली तेव्हा कार्यशाळेच्या मालकांनी डांबर खरवडले, पत्रा उघडा केला आणि ग्राइंडर खाली ठेवला. रेलच्या बाहेरच्या बाजूवर, वरच्या अर्ध्या भागात, चॅसिस क्रमांक ठोकलेला होता आणि गंज त्याच्या खालून दोन बोटांवर सुरू होत होता. “हा भाग तुम्ही कागद आणल्याशिवाय मी कापणार नाही,” असे त्यांनी शांतपणे सांगितले. त्यांचे बरोबर होते. परवानगीवाचून क्रमांकाच्या जागेला हात लावला तर तो फेरफार ठरू शकतो, आणि मग गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्याची वेळ मालकावर येते.

कार्यालयातल्या अर्जात दोनच रकाने होते. एक ‘चॅसिस बदलली’ आणि दुसरा ‘क्रमांक पुन्हा ठोकायचा आहे’. मला यांपैकी काहीच करायचे नव्हते. क्रमांकाचा पत्रा जागच्या जागी ठेवून त्याच्या खालचा आणि मागचा कुजलेला भाग तेवढा नवा बसवायचा होता. अर्ज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा स्वतंत्र चॅसिसची वाहने असावीत, ज्यांत बोल्ट सोडवले की बॉडी वेगळी होते आणि खालची चौकट बदलता येते. माझ्या गाडीत रेल ही बॉडीचाच भाग आहे, ती वेगळी काढताच येत नाही, त्यामुळे ‘बदललेली चॅसिस’ या शब्दांना तेथे काही अर्थच उरत नाही. हे मी समजावून सांगितल्यावर खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी “मग ‘बदलली’वर खूण करा, काम पुढे सरकेल,” असा सल्ला दिला. तो मी ऐकला नाही, आणि कोणीही ऐकू नये असे माझे ठाम मत आहे. त्या खुणेने गाडीची मूळ ओळख नोंदीतून पुसली जाण्याचा धोका असतो, आणि जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मूळ क्रमांकाइतकी मोलाची गोष्ट क्वचितच दुसरी असते. मी दोन्ही रकाने मोकळे ठेवून सोबत स्वतंत्र पत्र, मोजमापांसह आकृती आणि छायाचित्रे जोडली. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. तोच अर्ज, तीच पत्रे, वरिष्ठांच्या नावाने पुन्हा दिली, तेव्हा कोठे प्रत्यक्ष पाहणीचा आदेश निघाला.

पाहणीसाठी निरीक्षक आले आणि नवे विघ्न उभे राहिले. गाडीवरचा क्रमांक आणि नोंदीतला क्रमांक जुळेना. गाडीवर जेथे शून्य होते तेथे नोंदीत इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर टंकलेले होते. चॅसिस क्रमांक म्हणून ठोकल्या जाणाऱ्या सतरा चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय वाहन क्रमांकात ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे वापरलीच जात नाहीत, आणि ती वगळण्याचे कारणही हेच की ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात. आयएसओ 3779 या मानकात तसा स्पष्ट नियम आहे. म्हणजे नोंदीतला तो क्रमांक जगातल्या कोणत्याही गाडीचा असूच शकत नव्हता. तरीही उत्तर मिळाले ते असे की, नोंद आहे तशी आहे, आधी दुरुस्तीचा वेगळा अर्ज द्या, ती झाली की परवानगीचा विचार होईल. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी काही बिघडण्याची वाट न पाहता आजच कागदावरचे एकेक चिन्ह गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावे.

या काळात रेल उघडी पडलेली होती, हे मला सर्वांत असह्य झाले. घासून लख्ख केलेल्या पोलादावर दमट हवेत काही तासांतच तांबूस झाक येते. म्हणून उघड्या भागावर तात्पुरते इपॉक्सी प्रायमर मारावे लागले आणि वेल्डिंगपूर्वी तेच पुन्हा घासून काढावे लागले, कारण रंगावर वेल्डिंग धरत नाही. खुद्द क्रमांकाच्या पट्टीला मात्र ग्राइंडर, तारेचा फिरता ब्रश किंवा वाळूचा मारा यांपैकी काहीही लावू दिले नाही. तेथे घासल्याचे ओरखडे दिसले की पाहणाऱ्याला संशय येतो. रंग काढण्याचे द्रावण, मऊ पितळी ब्रश आणि फॉस्फोरिक आम्लाची जेल एवढ्यावरच ती स्वच्छ केली. टॉर्च तिरपा धरून छायाचित्रे घेतली की खड्डे पडलेल्या पत्र्यावरचे अंकही वाचता येतात. पेन्सिलने कागदावर उमटवलेला ठसा त्याहून उपयोगी पडला. निरीक्षकांनी अखेरीस त्याच ठशावर सही केली, आणि पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या मापकाने मोजून क्रमांकाची पट्टी शाबूत असल्याची नोंद केली. परवानगीच्या पत्रात ‘स्थानिक दुरुस्ती, मूळ क्रमांक कायम’ हे शब्द वाचले तेव्हा इतके हलके वाटले की ते पत्र मी कार्यशाळेत मोठ्याने वाचून दाखवले.

पुढचे काम भराभर झाले. आतला नवा थर आधी बसवून मग बाहेरचा तुकडा जोडला. क्रमांकाजवळ सलग वेल्डिंग न करता थोडे थोडे, जागा बदलत आणि मध्ये थंड होऊ देत केले, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही.

एक गोष्ट वर सांगायची राहिली. उघड्या छताच्या गाडीत दरवाजाखालच्या पेट्याच बहुतेक ताठपणा देतात, त्यामुळे त्या कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी आडवी टेकणे वेल्ड करून घ्यावीत आणि दरवाजाच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. तसे केले नाही तर गाडी मधून खचते आणि नंतर दरवाजे लागत नाहीत. बॅटरी आणि कंट्रोल युनिटच्या जोडण्या वेल्डिंगपूर्वी सोडवाव्यात, हेही त्याच यादीतले. रेलवर सस्पेन्शन बसत असल्यामुळे शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घेणे भागच आहे.

पोकळ भागांत मेणाचा फवारा रंग आणि वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच मारावा, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने मेण पेटते. लांब नळीने तो प्रत्येक पेटीच्या टोकापर्यंत पोचवावा, क्रमांकाच्या पट्टीवर मात्र फक्त पारदर्शक लाखेचा पातळ थर द्यावा. फवारणीनंतर मेण खाली ओघळून पाणी जाण्याच्या छिद्रांत घट्ट होते. ती छिद्रे बारीक तारेने मोकळी करावीत, आणि पहिल्या कडक उन्हानंतर पुन्हा एकदा पाहावीत, कारण उष्णतेने मेण दुसऱ्यांदा ओघळते.