पाचव्या ओळीतला गुन्हा

सकाळी दहाला कळलं, की पुस्तिका चार वाजता छपाईला जाणार. जुन्या रहस्यपटांच्या महोत्सवाची पुस्तिका. सालं, दिग्दर्शक, नटनट्या सगळं भरून झालं होतं. फक्त प्रत्येक चित्रपटाखाली एक लिमरिक, म्हणजे पाच ओळींची गमतीदार कविता, हवी होती. "लोक हसत हसत आत आले पाहिजेत," असं संपादकबाईंचं म्हणणं. सात चित्रपट, सात लिमरिक्स. पाच-पाच ओळींचा तर मामला, म्हटलं, जेवायच्या आत उरकेल.

पहिल्यांदा सोपा चित्रपट घेतला. बिली वाइल्डरचा 'डबल इंडेम्निटी', १९४४ चा. विमा एजंट एका बाईच्या नादी लागतो आणि तिच्या नवऱ्याचा काटा काढायला निघतो. आगगाडीतून पडून अपघाती मृत्यू झाला तर रक्कम दुप्पट, ही त्यातली मेख.

विमा विकायला गेला कुणाच्या घरी,
पैंजण दिसलं जिन्याच्या पायरीवरी;
नवऱ्याची पॉलिसी काढली,
रक्कम दुपटीनं वाढली,
ना पैसा मिळाला, ना बाई – हरी हरी!

स्वतःवरच खूश झालो. मग हॉवर्ड हॉक्सचा 'द बिग स्लीप' (१९४६). त्यात एक शोफर गाडीसकट पाण्यात सापडतो. त्याला कुणी मारलं, हे चित्रीकरणाच्या वेळी कुणालाच कळेना, म्हणून मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरला तार करून विचारलं, तर त्यालाही सांगता येईना, हा किस्सा प्रसिद्धच आहे.

शोफर सापडला गाडीसकट पाण्यात,
खुनी कोण, येईना कुणाच्या ध्यानात;
लेखकाला केली तार,
त्यानंही मानली हार,
उत्तर अजून आहे त्याच पाण्यात!

शेवटी पुन्हा 'पाण्यात' आलं, म्हणून ही मला जरा लंगडी वाटली. पण वेळ नव्हता. दीड वाजेपर्यंत सातही झाल्या, मी फाइल मांडणीकडे पाठवली आणि डबा उघडला.

दहा मिनिटांत मांडणी करणारी मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात प्रूफ. मला वाटलं, ओळ कॉलमात बसत नसेल.

"सर, हा पिक्चर मी आज संध्याकाळी बघणार होते."

महोत्सवाआधी प्रत तपासायची म्हणून त्या संध्याकाळी आमच्यापुरता एक खेळ ठेवला होता. चित्रपट वाइल्डरचाच, १९५७ चा 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन'. अगाथा ख्रिस्तीच्या नाटकावरचा. तिनं पाचव्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती, इतकी दाबून की कागद थोडा फाटला होता. ओळ वाचली आणि घास घशातच अडकला. टपली मारायच्या नादात मी अख्ख्या चित्रपटाचा शेवट सहा शब्दांत सांगून टाकला होता. आणि हा तोच चित्रपट, ज्याच्या शेवटी एक आवाज प्रेक्षकांना मुद्दाम विनवतो, की बाहेर जाऊन शेवट कुणाला सांगू नका!

"माफ कर," एवढंच म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"माझं राहू द्या. बाकीच्यांचं बघा," ती म्हणाली. मग आम्ही दोघांनी सातही तपासल्या. जॉन ह्यूस्टनच्या 'द माल्टीज फाल्कन'मध्येही (१९४१) मी त्यातल्या काळ्या पक्ष्याच्या मूर्तीचं बिंग फोडलं होतं. लिमरिकची पाचवी ओळ आणि रहस्यपटाचं शेवटचं रीळ एकाच जागेवर हक्क सांगतात, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. 'डबल इंडेम्निटी' सुटला होता, तो माझ्या हुशारीनं नव्हे. त्यात नायक सुरुवातीलाच डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज नोंदवायच्या यंत्रावर, सगळं कबूल करून मोकळा होतो. ना पैसा, ना बाई, हेही तोच सांगतो. म्हणजे एकाच दिग्दर्शकानं एकदा आधीच सगळं सांगितलं आणि एकदा शेवटी गप्प राहायची विनंती केली. आणि मी दोन्ही चित्रपट एकाच मापानं कापायला बसलो होतो.

सव्वातीन वाजले. नवी टपली सुचेना. तेवढ्यात ती म्हणाली, "ती शोफरची बरी आहे की. काही फुटत नाही त्यात."

माझी लंगडी लिमरिक! तेव्हा कुठे इंग्रज कवी एडवर्ड लिअर आठवला. १८४६ मध्ये त्यानं असल्या पद्यांचं पुस्तक काढलं. लिमरिक हे नावसुद्धा त्यांना नंतर चिकटलं. लिअरची शेवटची ओळ बऱ्याचदा काही फोडतच नाही. पहिल्या ओळीतला शब्द घेऊन मुकाट्यानं घरी परतते. शाळेत असताना मला ते कवीचं आळशीपण वाटायचं. आता त्याच आळसानं अब्रू वाचवली. खटल्याला हात न लावता मी कथेच्या कडेला असलेल्या बॅरिस्टरला धरलं. त्या भूमिकेत चार्ल्स लॉटन, हृदयविकारातून उठलेला, आणि त्याच्यामागे सावलीसारखी नर्स, एल्सा लँचेस्टर, जी खऱ्या आयुष्यात त्याची बायकोच होती.

एक बॅरिस्टर, हृदय भलतंच नाजूक,
नर्सच्या पहाऱ्यात होईना चूक;
थर्मास कोर्टात आणला,
ब्रँडीला कोको म्हणाला,
खटला राहू दे, हृदय भलतंच नाजूक!

चाराला पाच मिनिटं कमी असताना फाइल गेली. पक्ष्याची पाचवी ओळ तिनंच सुचवली. तिचं नाव पुस्तिकेत घालायचं राहिलं, ही माझी दुसरी चूक.

संध्याकाळी ती खेळाला आली. मी मागच्या रांगेत बसलो होतो, आणि पडद्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होतो. शेवटच्या दहा मिनिटांत ती खुर्चीत पुढे सरकली. दिवे लागल्यावर मी दाराशी गाठून विचारलं, "शेवट ठाऊक असून मजा आली का गं?"

"सांगू नका म्हणालाय ना तो," ती म्हणाली आणि चप्पल सरकवून निघून गेली.