डेशूट्सच्या पाण्यात माझा कोकणी हिसका

अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये ताईकडे तीन आठवडे राहिलो. पोर्टलंडची गुलाबाची बाग पाहिली (नोव्हेंबरात, म्हणजे काटेच), मल्टनोमा धबधब्यापाशी गर्दीत घुसून फोटो काढले, समुद्रावर टोपी उडवून घेतली. त्यातलं काहीच लिहावंसं वाटत नाही. लिहायचंय ते दोन सेकंदांबद्दल. परत येऊन दोन महिने झाले, अजून मनगटातून जात नाहीत.

भावोजींना स्टीलहेड नावाच्या माशाचा नाद आहे. जून उजाडला की रोज सकाळी चहाबरोबर फोनवर कोलंबिया नदीवरच्या बॉनविल धरणाचे आकडे बघतात. धरणाला मासे चढण्यासाठी पायऱ्या आहेत, तिथे काचेमागून जाणारा मासा नि मासा मोजतात. "लोक शेअर बाजार बघतात, आमच्याकडे हा बाजार," असं ताई म्हणते. तर मी आल्याचं निमित्त करून हंगामाच्या अगदी शेवटी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, ते मला डेशूट्स नदीवर घेऊन गेले. मॉपिन नावाचं छोटंसं गाव, पोर्टलंडहून दोन तास. पहाटे चारला निघालो. माउंट हूडच्या घाटात बर्फ होतं, मी झोपेत होतो.

उजाडताना दरी दिसली आणि झोप उडाली. काळ्या कातळाच्या पायऱ्यांवर पायऱ्या, मध्ये वाळल्या गवताचे पट्टे. पाऊस कधी पडलाच नाही अशी आपली सह्याद्री! दोन्हीकडे लाव्ह्याचेच थर. आपले साधारण साडेसहा कोटी वर्षांचे, इथले दीड-पावणेदोन कोटींचे. म्हणजे धाकटं भावंडच. उन्हाळ्यात इथे राफ्टिंगवाल्यांचा बाजार भरतो म्हणे. त्या दिवशी एक टपालाची गाडी आणि पलीकडच्या काठाने जाणारी एक मालगाडी, बाकी कोणी नाही. मला गर्दीचा तिटकारा आहे, त्यामुळे इथवर सगळं झकास चाललं होतं.

मग वेडर. छातीपर्यंत येणारी ती रबरी विजार चढवताना माझा पार गोणपाट झाला. बुटांच्या तळव्यांना खिळे, कमरेला पट्टा, हातात काठी. नदीतले गोटे तेल लावल्यासारखे. पाणी वेडरच्या आत येत नाही, पण थंडी येते.

आता मासा. स्टीलहेड म्हणजे खरं तर रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन आलेला. नदीत जन्मतो, एक-दोन वर्षांनी समुद्र गाठतो, तिथे खाऊन-पिऊन दणकट होतो आणि अंडी घालायला माघारी येतो. मॉपिनपाशी पोचेपर्यंत त्याने दोन धरणं आणि चारशे किलोमीटरहून जास्त पाणी कापलेलं असतं. इथला सामन मासा अंडी घातल्यावर मरतो. यांच्यातले काही जगतात, पुन्हा समुद्रात जातात. भावोजी हे सांगत होते आणि मला आमच्या संगमेश्वराकडचे चढणीचे मासे आठवत होते. पहिला पाऊस लागला की वहाळातून उलटे चढणारे, पोटात गाभोळी भरलेले. आम्ही पोरं ते टोपलीने पकडायचो. आज लाज वाटते. तेव्हा नुसती भूक लागायची.

मी ते टोपलीचं बोलून गेलो. भावोजी म्हणाले, "इथे असं केलंत तर मला घर विकून दंड भरावा लागेल." एका दिवसाच्या परवान्यात मला काय चालतं ते त्यांनी परत समजावलं. पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा तो कापून टाकतात. पर नसेल तर मासा ठेवता येतो. असेल तर तो जंगली, लगेच सोडायचा. 2021 साली परतणारे मासे इतके घटले की या नदीवर स्टीलहेडची मासेमारीच बंद ठेवली होती. त्या वर्षी भावोजींनी घरात काय काय केलं ते ताईकडून ऐकावं. गॅरेज तीनदा रंगवून झालं.

पद्धत अशी: तेरा फुटांची गळाची काठी दोन्ही हातांनी धरायची, दोर तिरका खाली पलीकडे टाकायचा, माशी प्रवाहाबरोबर कमानीत फिरत काठापर्यंत येऊ द्यायची. मग दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा तेच. माशी म्हणजे गळाला बांधलेली काळी पिसं आणि बुडाशी हिरवा ठिपका. तिच्या गळाचा उलटा काटाही भावोजींनी पकडीने चेपून टाकला होता. माझा दोर पहिला तासभर माझ्याच टोपीत अडकत होता. काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरायचा, तो तोंडात धरून वितळवायचा. बोटं माझी आहेत की शेजाऱ्याची, कळत नव्हतं.

"आणि ओढ लागली तर?" मी विचारलं.

"तर काहीच करू नका. काठी उचलायची नाही. त्याला वळू द्या, दोर आपोआप ताणेल."

मी मान डोलावली. ही मान डोलावणी लक्षात ठेवा.

साडेनऊला थालीपीठ आणि लिंबाचं लोणचं खाल्लं, थर्मासमधला चहा प्यायलो. एक छोटा करडा पक्षी दगडावर उठाबशा काढत होता. अचानक टुपकन पाण्यात चालत गेला आणि चार हातांवर बाहेर आला. दुपार कुठे गेली ठाऊक नाही. ऊन समोरच्या कड्यावर वरवर सरकत गेलं, आम्ही सावलीतच.

साडेतीनच्या सुमारास माशी कमान संपवून काठाजवळ आली होती, मी भजी खायच्या विचारात होतो, आणि दोर जड झाला. झटका असा नव्हताच. कोणीतरी दाराची कडी आतून हळूच, पण ठामपणे ओढावी तसा. मग दोर एक वीतभर पुढे गेला. बोटाखालून जाताना मला तो कळला.

आणि मी हिसका मारला. शास्त्री नदीत गांडूळ लावून चाळीस वर्षं मारतोय तसा, खांद्यापासून.

दोर मोकळा. पाण्यावर एक रुंद वलय उठलं, मोठ्या ताटाएवढं, आणि प्रवाहात पुसलं गेलं. भावोजी पन्नास पावलांवर होते. त्यांनी पाहिलं होतं. काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. चांगला वेळ गेल्यावर हाक आली, "दोन पावलं खाली या."

अंधार पडेपर्यंत टाकत राहिलो. त्यांनाही काही लागलं नाही.

गाडीत हीटरपुढे हात धरून मी एकदाच म्हटलं, "जंगली होता की हॅचरीचा, कसं कळणार आता?"

"नाही कळणार," भावोजी म्हणाले.

घरी पोचलो तर दारातच तळणाचा वास. ताईने सकाळीच फ्रीझरमधली सुरमई काढून हळद-मीठ लावून ठेवली होती. अठरा वर्षं संसार केलाय तिने.